टोकियोतले पाच दिवस: जे-पॉपची आवड कुठे कुठे सुटत गेली

२००४ मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी भारतात सुरू झाली आणि मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मुलांच्या कानावर पहिल्यांदा जपानी पॉप गाणी पडली. जपानी शिकणाऱ्यांकडे ती त्याच्याही आधीपासून होती. त्या पिढीतल्या कुणालाही आज विचारा, उत्तर बहुतेक ठरलेलं: "ऐकायचो तेव्हा, आता नाही ऐकत." का, हे मात्र कुणाला धड सांगता येत नाही. कुणी वयावर ढकलतं, कुणी वेळेवर, कुणी म्हणतं गाणीच बिघडली.

गाणी बिघडली हे पटत नाही. गाण्यापर्यंत पोचायचा रस्ता गेल्या २५-३० वर्षांत बरेचदा बदलला आणि प्रत्येक वळणावर थोडी थोडी माणसं गळाली. ती वळणं टोकियोत अजून जागेवर आहेत. पायी आणि मेट्रोने पाच दिवसांत बघून होतात. हा वृत्तांत जूनच्या मध्यातला, म्हणजे तिकडच्या ‘त्सुयू’तला. दिवसभर बारीक पाऊस, हवा दमट, आणि गल्लोगल्ली निळ्या-जांभळ्या हायड्रेंजियाचे गुच्छ.

मुक्कामाला ताकादानोबाबा सोयीचं. यामानोते लाइन आणि तोझाई लाइन दोन्ही तिथून मिळतात, आणि वासेदा विद्यापीठाची पोरं आजूबाजूला राहत असल्याने जेवण स्वस्त. पर्यटकांसाठी मेट्रोचे २४, ४८ आणि ७२ तासांचे पास मिळतात, पण ते जेआर, ओदाक्यू किंवा केइओच्या गाड्यांना चालत नाहीत. त्यासाठी सुईका किंवा पास्मो कार्ड वेगळं ठेवावं.

पहिला दिवस, मंगळवार: शिबुया

सुरुवात मंगळवारीच करावी, आणि दुपारनंतर. जपानमध्ये नव्या सीडीची अधिकृत तारीख बुधवारची असते. २०१५ मध्ये बाकी जगाने शुक्रवार धरला, जपान बुधवारावरच राहिला. ओरिकॉनच्या खपाच्या यादीचा आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला आलेल्या सीडीला मोजणीत जास्त दिवस मिळतात. माल दुकानात मंगळवारीच मांडतात. असा एक दिवस आधी सीडी हातात पडण्याला चाहते ‘फुरागे’ म्हणतात.

शिबुया स्टेशनच्या हाचिको चौकातून टॉवर रेकॉर्ड्स हे सीडींचं दुकान पाच-सहा मिनिटांवर. १९९५ पासून ते याच पिवळ्या पाटीच्या इमारतीत आहे. मूळ अमेरिकन कंपनी २००६ मध्ये बुडाली. जपानमधली शाखा त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतंत्र झाली होती म्हणून तरली. दारात ओली छत्री घालायला प्लास्टिकच्या लांब पिशव्या लटकवलेल्या असतात. छत्री तशी झाकल्याशिवाय आत जाऊ नये. कागदी मालाचं दुकान आहे, आणि ते तो माल जपतात.

त्या दुपारी एक कर्मचारी मुलगी नव्या अल्बमखाली हाताने लिहिलेलं कार्ड लावत होती. तीन रंगांची पेनं, कोपरे कात्रीने गोल केलेले, आणि मजकुरात अल्बममधलं चौथं गाणं आधी का ऐकावं याची दोन कारणं. खाली हेडफोन टांगलेले. अनोळखी गायकाचा अल्बम लोक विकत घ्यायचे ते अशा चार ओळींच्या भरवशावर.

त्या कार्डाच्या वर मात्र एकाच अल्बमची तीन रूपं होती: मर्यादित आवृत्ती ‘ए’, मर्यादित आवृत्ती ‘बी’ आणि साधी. गाणी बहुतेक तीच. एकीत ब्लू-रे जास्त, दुसरीत फोटोंची पुस्तिका, तिसरीत एखादं जादा गाणं. शिवाय ‘तोकुतेन’, म्हणजे दुकानागणिक वेगळी भेटवस्तू. हे असं का, तर जपानमध्ये सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानांना ती उतरवता येत नाही. पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि संगीत यांना कायद्याने तशी सूट आहे. नवा अल्बम सगळीकडे ३,००० येनच्या आसपास, म्हणजे साधारण १,७०० रुपये. किमतीत चढाओढ करता येत नाही तेव्हा दुकानं पोस्टर, बॅज आणि फाइल यांवर चढाओढ करतात. १९९८ मध्ये हे सगळं परवडत होतं. त्या वर्षी जपानमधलं ध्वनिमुद्रणांचं उत्पादन ६० हजार कोटी येनच्या वर गेलं, तो आजवरचा उच्चांक. पुढच्याच मार्चमध्ये उतादा हिकारूचा जपानी भाषेतला पहिला अल्बम आला आणि ७० लाखांहून जास्त खपला. त्यानंतर आलेख उतरतच गेला, तशी आवृत्त्यांची संख्या वाढत गेली.

शाळेच्या गणवेशातल्या मुली जपानी मजल्यावर फारशा थांबत नव्हत्या. त्या वर जात होत्या, जिथे के-पॉपला अख्खा मजला दिलेला आहे. भारतातल्या श्रोत्याला हे वळण ओळखीचं वाटेल. कोरियन कंपन्यांनी यूट्यूबवर पूर्ण व्हिडिओ जगभर खुले ठेवले. त्याच काळात कित्येक जपानी कंपन्या दीड मिनिटाचा ‘शॉर्ट’ तुकडा टाकत, तोही बरेचदा ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ या पाटीमागे. जपानमध्ये ॲपल म्युझिक २०१५ मध्ये आणि स्पॉटिफाय २०१६ मध्ये आलं, पण मोठी नावं लगेच आली नाहीत. मिस्टर चिल्ड्रेन २०१८ मध्ये, आराशी आणि सदर्न ऑल स्टार्स २०१९ मध्ये. पैसे देऊन ऐकायला तयार असलेला माणूस इतकी वर्षं दारात उभा होता. तो निघून गेला यात त्याचा दोष नाही.

सहावा मजला रेकॉर्डचा, आणि तिथे गर्दी परदेशी पाहुण्यांची. ऐंशीच्या दशकातला ‘सिटी पॉप’ त्यांना २०१७ नंतर यूट्यूबच्या शिफारशींनी आणि पुढे टिकटॉकने आणून दिला. मात्सुबारा मिकीचं १९७९ चं गाणं २०२० मध्ये जगभर वाजलं तेव्हा ती जाऊन १६ वर्षं झाली होती.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. एका दुकानात एका दिवशी कर सोडून ५,००० येनची खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून १० टक्के कर वाचतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र कर आधी भरून विमानतळावर परत घ्यायचा आहे. दुसरं जास्त महत्त्वाचं: मर्यादित आवृत्तीतला ब्लू-रे बहुधा ‘ए’ विभागाचा असतो, भारतातले प्लेअर ‘सी’ विभागाचे. डीव्हीडीतही तेच, जपान विभाग २ आणि भारत विभाग ५. घरी चालणार नाही अशा डिस्कसाठी दीड-दोन हजार येन जास्त देऊ नयेत. साधी आवृत्ती घ्यावी.

बाहेर पडताना पाऊस असेल तर कागदी पिशवीवर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण चढवून देतात, न मागता.

दुसरा दिवस, बुधवार: जिम्बोचो आणि ओचानोमिझू

ताकादानोबाबाहून तोझाई लाइनने कुदानशिता, तिथून दहा मिनिटं चालत जुन्या पुस्तकांचं जिम्बोचो आणि पुढे चढ चढून गिटारच्या दुकानांचं ओचानोमिझू. जुन्या सीडींसाठी हाच पट्टा बरा.

इथे ‘जॅनिस’ नावाचं दुकान होतं, ते नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झालं. विकायचं नव्हे, भाड्याने द्यायचं. रेकॉर्ड भाड्याने देण्याचा धंदा १९८० मध्ये टोकियोच्याच मिताकामध्ये सुरू झाला आणि देशभर पसरला. कायद्याने नंतर त्याला नियम घातले. परदेशी अल्बम वर्षभर भाड्याने देता येत नसे, जपानी अल्बम मात्र लवकर मिळे. ३,००० येनचा अल्बम ३०० येनला आणायचा, रात्री मिनीडिस्कवर उतरवायचा, सकाळी परत करायचा. नव्वदच्या दशकातल्या कॉलेजातल्या पोरांचं संगीत असं वाढलं. शिबुयाच्या चौकातल्या त्सुताया दुकानानेही २०२३ मध्ये भाड्याने देणं थांबवलं, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या मिनीडिस्क बनवणंही.

जुन्या सीडींच्या कप्प्यात काय बघायचं ते सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे फुकट जातात.

सगळ्यात स्वस्त कप्पा ११० येनचा. त्यात लांबट पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या ८ सेंटिमीटरच्या सिंगल सापडतात. १९८८ मध्ये त्या आल्या आणि २००० च्या सुमारास १२ सेंटिमीटरच्या सीडींनी त्यांची जागा घेतली. पाकिटाच्या आतली प्लास्टिकची पट्टी मधोमध मोडून पुठ्ठा दुमडता यावा अशीच ती बनवलेली असे, म्हणून दुमडलेलं पाकीट म्हणजे खराब माल समजू नये. ही छोटी चकती ट्रे असलेल्या प्लेअरमध्ये आतल्या खाचेत नीट बसते. मात्र गाडीतल्या किंवा जुन्या लॅपटॉपच्या, डिस्क आत ओढून घेणाऱ्या फटीत ती घालू नये. अडकते, आणि यंत्र उघडावं लागतं.

दोन डिस्कच्या जाड डब्यांत कधीकधी फोमचा पातळ तुकडा असतो. वीस-तीस वर्षांत तो फोम विरघळतो आणि डिस्कच्या छापील बाजूला चिकटतो. मग छपाईही जाते आणि आतला थरही. घेण्याआधी काउंटरवर डबा उघडून दाखवायला सांगावं, ते आनंदाने दाखवतात. फोम असेल तर आपणच काढून टाकावा. मुंबई-कोकणच्या हवेत तो दोन पावसाळेही धड राहणार नाही.

तिसरी गोष्ट ‘सीसीसीडी’. मार्च २००२ मध्ये एव्हेक्सने कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम बिघाड पेरलेल्या डिस्क आणल्या, आणखी काही कंपन्याही त्या वाटेने गेल्या. दोन-तीन वर्षांत बहुतेकांनी तो नाद सोडला. या डिस्कवर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’चं नेहमीचं चिन्ह नसतं, त्याऐवजी कॉपी-बंदीचा शिक्का असतो. काही प्लेअरमध्ये त्या अडखळतात, संगणकावर उतरवताना टकटक आवाज येतो. जो माणूस दुकानात जाऊन पैसे मोजत होता त्यालाच चोर धरण्याचा हा प्रकार. आवड सुटण्याच्या कारणांत हे वरच्या क्रमांकावर ठेवायला हवं. २००२ ते २००४ मधला अल्बम घेताना डबा उलटून ते चिन्ह बघावंच.

वजनाचाही हिशोब करावा. डब्यासकट एक सीडी साधारण १०० ग्रॅम, म्हणजे ५० सीडींचे ५ किलो. जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत मऊ प्लास्टिकची पाकिटं मिळतात. डिस्क, पुस्तिका, मागचा कागद आणि ‘ओबी’ म्हणजे कडेची कागदी पट्टी त्यात घालून कडक डबा तिथेच सोडून द्यावा. जाडी तिसऱ्या हिश्शावर येते. ओबी मात्र टाकू नये, पुढे विकायची वेळ आली तर किंमत तिच्यावर ठरते.

गिटारच्या एका दुकानात कॉलेजातला मुलगा गिटार तपासत होता आणि पुन्हा पुन्हा चारच कॉर्ड वाजवत होता: एफ, जी, ई मायनर, ए मायनर. जपानी वादक या साखळीला ‘ओदो शिंको’ म्हणतात, राजमार्गाची चाल. असंख्य जपानी गाण्यांचा ‘साबी’ याच चौघांवर उभा आहे. साबी म्हणजे आपला मुखडा म्हणा, फक्त आपल्याकडे तो सुरुवातीला येतो आणि तिकडे ए-मेलो आणि बी-मेलो या आधीच्या दोन भागांनंतर तिसरा. त्याच्यापर्यंत पोचायला लावणारी वाट हीच त्यातली कारागिरी. एकदा कानाला ही साखळी ओळखू यायला लागली की कित्येकांना सगळी गाणी सारखी वाटू लागतात, आणि ऐकणं थांबतं. पण भैरवीही प्रत्येक मैफिलीत शेवटी येतेच. ती भैरवी आहे म्हणून कुणी उठून जात नाही. त्या चार कॉर्डवर कोण काय ठेवतो ते ऐकायला हवं.

तिसरा दिवस, गुरुवार: आकिहाबारा

सकाळी पाऊस थांबला होता. जेआर स्टेशनच्या ‘इलेक्ट्रिक टाउन’ दारातून बाहेर पडून मोठ्या रस्त्यावर आलं की डॉन किहोते या दुकानाची इमारत दिसते. तिच्या आठव्या मजल्यावर ८ डिसेंबर २००५ ला एकेबी४८ या मुलींच्या गाणाऱ्या गटाचा पहिला खेळ झाला. जागा २५० माणसांची, तिकीट काढून आलेले सात. पहिल्या ओळीतल्या माणसाला गाणाऱ्या मुलीच्या कपाळावरचा घाम दिसावा इतकी जवळीक, हीच मूळ कल्पना. पुढे याच गटाच्या सिंगल दहा-दहा लाखांनी खपल्या. खेळाला जायचं तर तिकिटं सोडतीने मिळतात, अर्ज आधी करावा लागतो, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. ऐनवेळी जाऊन काही मिळत नाही.

खपाचं गणित सीडीच्या आतल्या चिठोऱ्यात होतं. एका सीडीत एक हस्तांदोलनाचं तिकीट. एका तिकिटाला काही सेकंद, आणि वेळ संपली की मागे उभा असलेला माणूस खांद्याला धरून तुम्हाला पुढे सरकवतो. त्याला ‘हागाशी’ म्हणतात, म्हणजे सोलून काढणारा. अर्धा मिनिट हवा असेल तर त्याच गाण्याच्या सात-आठ सीडी घ्याव्या लागणार. २००९ ते २०१८ दरवर्षी गटातल्या मुलींची ‘निवडणूक’ झाली, तिची मतपत्रिकाही सीडीतच. चाहत्यांच्या घरी न उघडलेल्या त्याच त्याच सीडींचे खोके साठले. गाणं एकदा ऐकायला एक डिस्क पुरते. दुसऱ्या डिस्कपासून जे विकत घेतलं जातं ते संगीत नसतं, आणि ज्यांना संगीतच हवं होतं त्यांना विक्रीच्या यादीत आपल्या आवडीचं काही सापडेनासं झालं.

त्याच रस्त्यापलीकडे तळघरांत ‘चिका आयडॉल’, म्हणजे छोट्या गटांचे कार्यक्रम रोज असतात. तिकीट साधारण २,००० येन, वर एका पेयाचे ६०० दारातच द्यायचे. गाणं पंचवीस मिनिटं आणि त्यानंतरचा फोटोंचा बाजार तासभर. इन्स्टंट कॅमेऱ्याने मुलीसोबत काढलेल्या एका फोटोला, ‘चेकी’ला, १,००० ते २,००० येन. फोन बहुतेक ठिकाणी खिशातच ठेवायचा. रांगेत गळ्यात टॉवेल घातलेले पन्नाशीचे एक गृहस्थ होते. हातातल्या काठीदिव्याचं बटण दाबून प्रत्येक मुलीच्या नावाचा रंग कसा लावायचा ते त्यांनी आपणहून दाखवलं. रोज शेजारी उभा राहणारा मित्र हल्ली दिसत नाही, असं सांगताना त्यांनी ‘ताकाई’ हा शब्द वापरला. परलोकी जाणं, असा त्याचा अर्थ. मित्र धडधाकट आहे. फक्त त्याची आवडती मुलगी गटातून बाहेर पडली, आणि त्यानंतर तो आला नाही. माणसाची आवड संपण्याला तिथे मृत्यूचा शब्द लावतात आणि शांतपणे लावतात.

संध्याकाळ कराओकेत. साखळी-दुकानांत भाडं माणशी दर अर्ध्या तासाचं असतं, संध्याकाळ झाली की दर चढतात आणि शुक्रवार-शनिवारी आणखी. दुपारचं जावं. बहुतेक ठिकाणी प्रत्येकाने एक पेय घ्यावंच लागतं. यंत्रांच्या दोन जाती, डॅम आणि जॉयसाउंड. खोली मागतानाच कोणतं हवं ते सांगावं. हातातल्या पाटीवर भाषा इंग्रजी करून रोमन अक्षरांत गाणं शोधता येतं. ‘कांजी’, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, येत नसतील तरी शब्दांवर बारीक ‘काना’ या उच्चारलिपीत उच्चार येतात. गुण देणारा प्रकार लावला की पडद्यावर सुरांच्या आडव्या पट्ट्या सरकत जातात.

या पट्ट्यांकडे नीट बघण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकातलं गाणं लावलं की पट्ट्या लांब, मध्ये रिकाम्या जागा, चढ हळूहळू. ती गाणी कचेरीतल्या माणसाला मित्रांसमोर गाता यावीत अशीच बेतलेली असत. मग मागच्या दहा वर्षांतलं एखादं गाणं लावावं. पट्ट्यांचे बारीक तुकडे, वरखाली उड्या, आणि ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला जागाच नाही. ३१ ऑगस्ट २००७ ला सापोरोच्या क्रिप्टन कंपनीने ‘हात्सुने मिकू’ हा कृत्रिम आवाज विकायला काढला, आणि घरबसल्या संगीत करणाऱ्या पोरांना गायिका मिळाली. यंत्राला श्वास लागत नाही, पट्टी पेलत नाही असं ते म्हणत नाही. आजचे गाजलेले संगीतकार योनेझू केन्शी आणि योआसोबी या जोडीतला आयासे हे दोघेही त्याच शाळेतले. आता तशीच गाणी माणसं गातात, आणि फार ताकदीने गातात. पण खोलीत बसून चौघांनी मिळून म्हणायचं गाणं त्यात हरवलं. पस्तिशीच्या पुढचे बरेच श्रोते नेमके इथे थांबले. सुरुवातीचं वाद्यसंगीतही आखडलं. स्ट्रीमिंगवर लोक पुढे सरकवतात म्हणून कित्येक गाणी आता थेट आवाजाने सुरू होतात.

चौथा दिवस, शुक्रवार: तोझाई लाइनवर

या दिवसाला एकच लाइन पुरते. पश्चिमेचं टोक नाकानो, मध्ये कुदानशिता, पूर्वेकडे निशी-कासाई.

नाकानोला उतरल्यावर आधी दिसते ती सन प्लाझाची पांढरी त्रिकोणी इमारत. १९७३ ते २ जुलै २०२३ अशी ५० वर्षं तिथे गाणी झाली, आता ती बंद उभी आहे. उत्तरेकडच्या छताखालच्या बाजारातून सरळ गेलं की नाकानो ब्रॉडवे ही दुकानांची इमारत. तळघरात आठ चवींचं उंच सॉफ्ट आइस्क्रीम मिळतं. दोघांत एक पुरे, आणि कागदी रुमाल आधी हातात घ्यावा.

वरच्या मजल्यांवर चाहत्यांनी विकून टाकलेल्या वस्तू आहेत. फोटो प्लास्टिकच्या पाकिटात एकेक करून लावलेले, मागे पेन्सिलीने वर्ष. पंखे, टॉवेल, बिल्ले, न फाडलेली तिकिटं. भाव माणसाच्या आजच्या मागणीवर. दहा वर्षांपूर्वी जिच्यासाठी रांगा लागायच्या तिचा फोटो ५० येनच्या खोक्यात पडलेला दिसतो. दुकानदार ते पाकीटही दोन बोटांनी कडेला धरूनच उचलतो.

मुलांचे गाणारे गट चालवणाऱ्या ‘जॉनीज’ कंपनीतल्या मुलांचे फोटो वेगळ्या कप्प्यात. या कंपनीने वर्षानुवर्षं आपल्या कलाकारांचे चेहरे इंटरनेटवर येऊ दिले नाहीत. मासिकांच्या मुखपृष्ठांवर ऑनलाइन दुकानात चेहऱ्याच्या जागी राखाडी आकृती असे. २०१८ पासून ते सैल झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने जाहीरपणे कबूल केलं की दिवंगत संस्थापकाने अनेक वर्षं मुलांवर लैंगिक अत्याचार केले. पुढच्या महिन्यात कंपनीचं नावही बदललं. ज्यांनी ती गाणी लहानपणापासून जपली त्यांची आवड यापुढे तशीच राहील अशी अपेक्षा कुणी करू नये. कंटाळा येणं वेगळं आणि हे वेगळं. यात गाणाऱ्या मुलांचा अपराध नाही, म्हणून ते आणखी अवघड जातं.

कुदानशिताला खंदकावरून चालत निप्पोन बुदोकान. १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेली अष्टकोनी वास्तू. १९६६ मध्ये बीटल्स इथे वाजवून गेले, आणि तेव्हापासून बुदोकान गाठणं ही तिथल्या प्रत्येक गायकाची पायरी झाली. गायक फुजिई काझेचा इथला पहिला कार्यक्रम ऑक्टोबर २०२० चा. त्याच्या पहिल्या दोन अल्बमची नावं सत्य साईबाबांच्या वचनांतली आहेत, हे भारतातल्या फार थोड्या श्रोत्यांना माहीत असतं. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं सोडतीने निघतात आणि नोंदणीला बहुधा जपानी फोन नंबर लागतो. परदेशी श्रोत्यांसाठी वेगळी विक्री असेल तर ती कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधावी. जून २०१९ पासून जादा भावाने तिकीट विकण्याचा धंदा हा गुन्हा आहे. नावाची तपासणी होते, म्हणून दलालाकडून घेऊ नये.

संध्याकाळी निशी-कासाई. इथे चूक हमखास होते: तोझाई लाइनची जलद गाडी निशी-कासाईला थांबत नाही, तोयोचोनंतर थेट उरायासुला नेते. प्रत्येक स्टेशन घेणारी गाडी पकडावी.

२००० च्या सुमारास आलेल्या संगणक अभियंत्यांमुळे इथे भारतीयांची वस्ती वाढली. याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. डाळी, कढीपत्ता, पोहे सगळं मिळतं. पुण्यात जपानी शिकून वीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या एका ताईंकडे जेवायला होतो. वरणभात, लिंबाचं लोणचं, आणि बाहेर पाऊस. चार दिवस प्रत्येक रश्श्यात माशाची ‘दाशी’ आहे का विचारत फिरलेल्या माणसाला त्या वरणाची चव सांगायला नको.

"ताई, तुम्ही अजून ऐकता का?" असं विचारल्यावर त्या थोडा वेळ ताटाकडेच बघत राहिल्या.

"अहो, गाणी पाठ करूनच तर मी परीक्षा दिल्या. एकेका शब्दासाठी कोश उघडायचा, वहीत लिहायचं. एक गाणं आठवडाभर पुरायचं. मग इथे आले, शब्द आपोआप कळायला लागले. पंख, स्वप्न, वचन, कायमचं... तेच तेच शब्द. कळायला लागलं आणि गाणं लहान झालं बघा."

वही त्यांनी दाखवली. शंभर पानी, निळ्या रेघांची. डावीकडे कांजी, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ, आणि समासात पेन्सिलीने श्वासाच्या जागा. भाषा शिकण्यासाठी ज्यांनी गाणी धरली त्यांच्यापैकी कित्येकांचं असंच झालं असणार: भाषा पूर्ण हाती आली, आणि ती आली त्या शिडीची गरज उरली नाही.

पाचवा दिवस, शनिवार: शिमोकिताझावा

शिबुयाहून केइओ इनोकाशिरा लाइनची जलद गाडी घेतली तर पहिलाच थांबा शिमोकिताझावा. तिथलं ओदाक्यू लाइनचं स्टेशन २०१३ मध्ये जमिनीखाली गेलं, वरच्या जुन्या रुळांच्या जागेवर दुकानं आली. गल्ल्या मात्र तशाच अरुंद. करीसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. सूप-करीत भाज्या मोठ्या असल्या तरी रस्सा कोंबडीच्या हाडांचा असू शकतो, विचारून घ्यावं.

संध्याकाळ तळघरातल्या एका लाइव्ह हाउसमध्ये. दरवाजे १८:००, सुरुवात १८:३०, आणि साडेसहा म्हणजे साडेसहाच. तिकीट आगाऊ २,५०० येन, दारात ३,०००, पेयाचे ६०० वेगळे. पाठपिशवी बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावी, ३०० येनची सुटी नाणी जवळ असू द्यावीत. कानात घालायला बोळे न्यावेत. छत खाली आहे आणि आवाज भिंतीवरून परत येतो.

पैसे घेताना काउंटरवरचा मुलगा विचारतो, "आज कुणाला ऐकायला आलात?" हा प्रश्न सौजन्याचा नसतो. त्याच्यासमोरच्या कागदावर बँडची नावं असतात आणि उत्तराप्रमाणे त्या नावापुढे रेघ पडते. नवख्या बँडला तिकिटांचा कोटा असतो, त्याला ‘नोरुमा’ म्हणतात. समजा कोटा २० तिकिटांचा आणि तिकीट २,५०० चं. आठच माणसांनी त्यांचं नाव घेतलं तर उरलेल्या १२ तिकिटांचे ३०,००० येन बँडने खिशातून भरायचे. कोटा ओलांडला तर वरच्या विक्रीतला वाटा त्यांना. म्हणून "कुणीही चालेल" असं उत्तर देऊ नये. आधी यादीतल्या चारही बँडचं एकेक गाणं ऐकून ठेवावं आणि एक नाव घ्यावं. आपल्या एका शब्दावर कुणाचे तरी २,५०० येन अवलंबून असतात.

आम्ही तिसऱ्या बँडचं नाव घेतलं. त्यांच्या नावापुढची ती पाचवी रेघ होती.

आत चाळीसेक माणसं. तिसरा बँड चौघांचा, दोन मुली, दोन मुलगे, पंचविशीच्या आतले. शेवटच्या गाण्याला सुरुवातीचं वाद्यसंगीत मिनिटभर चाललं: आधी एकटी बास, मग झांजेच्या कडेवर काठी, मग गिटार, तीही त्याच चार राजमार्गी कॉर्डवर. कुणी पुढे सरकवू शकत नव्हतं. चाळीस माणसं जागच्या जागी उभी होती, आणि साबी आला तो तिसराच, त्याच्या जागेवर.

कार्यक्रमानंतर दाराजवळच्या टेबलावर ड्रम वाजवणारी मुलगी स्वतः सीडी विकत होती. चार गाणी, १,००० येन, एकच आवृत्ती. मनगटावर घामपट्टी तशीच. बाहेर पाऊस आहे का, असं तिने विचारलं, हो म्हटल्यावर टेबलाखालून प्लास्टिकची पिशवी काढली, सीडी आत घालून वरची कड दोनदा दुमडली आणि चिकटपट्टीचं टोक थोडं उलटं मुडपून लावलं, उघडताना नख लावावं लागू नये म्हणून. शिबुयाकडे परतणारी शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास असते. स्टेशनच्या पाटीवर शनिवारची वेळ वेगळी लिहिलेली असते, ती जातानाच बघून ठेवावी.